आत्याच्या गोठ्यातले आठ दिवस

मोतीबिंदू पिकला तरी आत्या जालन्याला यायला तयार नव्हती. माझ्या भावाने दोनदा गाडी आणून दारात उभी केली आणि दोनदा रिकामी परत नेली. ऑपरेशनची तिला भीती नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की तेवढे दिवस जनावरांकडं कोण बघणार. गडी लावू म्हटलं, तर गडी वैरण टाकील, पाणी दाखवील, पण गाय, शेळ्या, कुत्रं आणि कोंबड्या एका छपराखाली कशा नांदवायच्या ते गड्याला काय ठाऊक. शेवटी तिनेच तोड काढली. फोनवर मला म्हणाली, "तू ये. तुला येतं."

मला येत नव्हतं. मी नवीन जालन्यात एका बियाणांच्या कंपनीत काम करते. ओल्या कागदावर बी मांडायचं, त्यातलं किती रुजलं ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. गोठ्यात नीट पाय ठेवून कित्येक वर्षं झाली होती. पण तिचं ते 'तुला येतं' माझ्याने मोडवलं नाही. मी रजा टाकली, भोकरदनची एसटी धरली आणि तिथून काळ्यापिवळ्या जीपने गावात उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीत बसली ती काच खाली करूनच. गाडी वळेपर्यंत सांगत होती. गव्हाणीत कोंबडीची घाण पडली तर आधी काढायची, मग वैरण टाकायची. पाणी सगळ्यांचं वेगळं. दिवस मावळायच्या आत कोंबड्या कोंडायच्या. शेळ्यांना मक्याच्या वाटेला जाऊ द्यायचं नाही. गाडी गेली, धूळ बसली, आणि मी गोठ्यात आले.

आत पाऊल टाकलं आणि वासाने मला धरलं. शेणाचा, कडब्याचा, शेळीच्या दुधाचा आणि त्या सगळ्याखाली दडलेला कोंबड्यांच्या पिसांचा कोमट, पिठासारखा वास. लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी मी याच वासात येऊन उभी राहायची. कोंबड्या तुराट्यांच्या पसाऱ्यात पाय घासत असायच्या, खर्र खर्र, मधेच थांबून, पुन्हा खर्र. त्या आवाजात मला झोप यायची. गायीच्या पोटाला टेकून मी खरंच झोपायचे, आणि जाग यायची तेव्हा एखादी कोंबडी माझ्या पायाशी मातीत अंग घुसळून धूळ उडवत असायची.

आत्या आली तेव्हा मी तिसरीत होते. संक्रांत होऊन गेली होती, हरभरा घाट्यांवर आला होता. आम्ही मुलं रस्त्याच्या कडेला सोले खात बसलो होतो, तेवढ्यात एसटी थांबली आणि आत्या उतरली. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात बांबूचं डालगं, त्यावर जुनं लुगडं बांधलेलं. ती का आली ते कुणी आम्हाला सांगितलं नाही. घरात दोन दिवस हळू आवाजात बोलणं चाललं, माय चुलीपुढं डोळे पुसत राहिली, आणि मग ते बोलणं थांबलं. पेटी आतल्या खोलीत गेली. डालगं मात्र अंगणातच राहिलं, कारण त्यात तीन कोंबड्या आणि एक कोंबडा होता, आणि आमच्या घरात वारकऱ्यांची माळ होती.

आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, आयुष्यात अंड्याला हात लावला नव्हता. ओसरीवर बसून ते डालग्याकडं न बघता म्हणाले, "हे इथं चालणार न्हाई."

"घरात न्हाई आणत. गोठ्यात ठेवते."

"गोठ्यात गाय हाये."

"गायीला इचारते मंग," आत्या म्हणाली, आणि डालगं उचलून गोठ्याकडं निघाली.

आबांसमोर असं कुणी बोलत नसे. माय दारात थिजून उभी राहिली. पण आबा काही बोलले नाहीत, आणि त्या न बोलण्यातच कोंबड्यांना जागा मिळाली. अंडी घरात शिजणार नाहीत, कोंबड्या उंबऱ्याच्या आत येणार नाहीत, हे न सांगता ठरलं. आत्यानेही ते शेवटपर्यंत पाळलं.

पहिले काही महिने गोठ्यात नुसती कटकट होती. कोंबड्या गव्हाणीवरच्या आडव्या वाशावर बसायच्या, खाली वैरणीत घाण पडायची, गाय नाक फेंदारून तोंड फिरवायची. आबा ते बघायचे आणि खोकायचे. आत्याने दुसऱ्या टोकाला, जिथं खाली काहीच नव्हतं, तिथं बाभळीचा दांडा आडवा टाकला आणि रोज संध्याकाळी एकेक कोंबडी हातात धरून त्या दांड्यावर नेऊन बसवायला लागली. कोंबडी उडून परत गव्हाणीवर जायची. आत्या परत उचलायची. किती दिवस हे चाललं ते मला आठवत नाही, पण एका संध्याकाळी मी कंदील घेऊन गेले तर चौघंही त्या दांड्यावर ओळीने बसलेली, आणि खाली आत्या कमरेवर हात ठेवून उभी. तिने कंदील तेवढा माझ्या हातातून घेतला.

आता तिथं लोखंडी पाइप आहे. कोंबड्या वीसेक आहेत, आणि दिवस कलला की न सांगता त्याच टोकाला जातात. मी नुसती दाराशी उभी राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी शेजारची सून, पूजा, कडेवर लेकरू घेऊन आली. तिला आत्याला भेटायचं होतं. आत्या नाही म्हटल्यावर जराशी हिरमुसली, पण मग बसली. तिच्याकडं पाच शेळ्या आणि एक कुत्रं आहे. तिला कोंबड्या पाळायच्या आहेत आणि सासू नाही म्हणते. कोंबड्यांचा रोग शेळ्यांना लागतो का, शेळ्या पिल्लं तुडवतात का, आणि कुत्र्याचं काय करायचं, असं ती विचारत होती. "आमचं कुत्रं लई द्वाड हाये ताई. पाखरू दिसलं की झालं."

रोगाचं मी तिला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, की कोंबड्यांची मर शेळ्यांना लागत नाही, पण घाण दाण्यात आणि पाण्यात जाऊ द्यायची नाही. कुत्र्याचं विचारल्यावर मात्र मला भुऱ्या आठवला.

भुऱ्या आमच्या गोठ्याचा राखणदार. राखाडी, एक कान फाटलेला, माणसांशी गरीब. आत्याची पहिली पिल्लं मोठी झाली, त्यातली एक तांबडी तलंग नुकती अंड्यावर येणार होती, आणि भुऱ्याने तिला भर दुपारी अंगणात धरलं. आम्ही धावलो तोवर संपलं होतं. गल्लीतले लोक जमले. कुणी म्हणालं कुत्रं सोडून या लांब. कुणी म्हणालं मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधा, सडेपर्यंत ठेवा, पुन्हा नाव घेणार नाही. आत्याने तलंग उचलून परसात पुरली आणि येऊन म्हणाली, की गळ्यात बांधली तर त्याला कोंबडीचा वासच लागेल, अक्कल नाही यायची.

दुसऱ्या दिवसापासून तिने भुऱ्याच्या गळ्यात दोरी घातली आणि दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. डाळ निवडताना, वाकळ शिवताना, भांडी घासताना कुत्रं तिच्याबरोबर. कोंबड्या आधी लांब होत्या. भुऱ्या ताठ व्हायचा, शेपूट थांबायची, घशातून बारीक आवाज यायचा. आत्या नुसती दोरी आखडून धरायची. त्याने नजर काढली, तिच्याकडं बघितलं, की भाकरीचा तुकडा. मारलं कधी नाही. दिवसादिवसाने ती सुपातले दाणे जवळ जवळ टाकत गेली. ऊन तापायला लागलं, कडुलिंबाला मोहर आला, त्याच्या कडवट गोड वासात ती दोघं अंगणात दोरीने बांधलेली बसलेली मला अजून दिसतात. शेजारच्या बाया हसायच्या. "आता कुत्र्यासंगं संसार का," असं एक जण बोलली, आणि ते आत्याने ऐकलं. तिने मान वर केली नाही. हातातली डाळ मात्र तिने दुसऱ्यांदा निवडायला घेतली.

मोहर गळून लिंबोळ्या धरल्या तेव्हा तिने दोरी सोडली. भुऱ्या उठला, आळस दिला, कोंबड्यांच्या मधून चालत पाण्याच्या परळाशी गेला, प्यायला आणि सावलीत येऊन पडला. एक पिल्लू त्याच्या पंजावर चढून पुढं गेलं. त्याने डोळा उघडून मिटला.

पूजा हे ऐकून म्हणाली, "एवढे दिवस?" मी म्हटलं, एवढे दिवस. तिने लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि विचार करत घरी गेली.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. कोंबड्यांचा दाणा कुंपण घातलेल्या एका कोपऱ्यात टाकतात, त्याला बुटकं दार आहे. सकाळी मी ते नीट ओढून लावलं नाही, आणि चहा पिऊन येते तो काळी शेळी आत गुडघे टेकून मका खात होती. तिला ओढून काढली आणि आत्याला फोन लावला. तिचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. भावाने फोन तिच्या कानाला लावला.

"किती खाल्ला?"

मी म्हटलं, दोन ओंजळी असेल, जास्त नसेल.

"मंग काही होत न्हाई. वाळला कडबा टाक म्होरं, दाणा बंद ठेव दिवसभर. डावी कूस बघत ऱ्हा. आन् तू रडू नको, शेळी भेते."

मी रडत नव्हते, पण रडायच्या बेतात होते, कारण तशीच एक दुपार मी या गोठ्यात काढली होती.

चांदी नावाची शेळी होती, मायची. कपाळावर पांढरा ठिपका, खाली दोन करडं. आत्याने कोंबड्यांसाठी भरडलेला मका एका घमेल्यात ठेवला होता. चांदीने दावं सोडवून सगळं घमेलं रिकामं केलं. दुपारी तिची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. ती दात खात होती, रवंथ बंद झाला होता, करडं आचळाला लागली की त्यांना पायाने झटकत होती. माय कपाळावर हात मारून बसली. आबा ओसरीवरून उठून आले. त्यांनी शेळीकडं बघितलं, रिकाम्या घमेल्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हिचं काही बरंवाईट झालं तर उद्या तुझ्या कोंबड्या इथून जातील. सगळ्या."

आत्या "बरं" म्हणाली. मला तिने गोडेतेल आणि खायचा सोडा आणायला पाठवलं. बाटलीत तेल आणि सोडा कालवून तिने चांदीचं तोंड हाताच्या वेढ्यात धरलं आणि घोट घोट पाजलं, घाई न करता, ठसका लागू न देता. मग तिचे पुढचे पाय दगडी पायरीवर ठेवले आणि कूस चोळायला बसली. चोळायची, उठवायची, चार पावलं चालवायची, पुन्हा पायरीवर चढवून चोळायची. ऊन गोठ्यात तिरपं आलं. आत्याच्या बांगड्या एका लयीत वाजत होत्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि मला कळत होतं, की फक्त शेळीचं चाललेलं नाही. कोंबड्या गेल्या असत्या तर आत्याकडं त्या घरात स्वतःचं असं काहीच उरलं नसतं.

गाई घरी यायच्या वेळेला चांदीने मान लांब केली आणि मोठा ढेकर दिला. आंबलेल्या पिठाचा वास सगळ्या गोठ्यात पसरला. मग पुन्हा एक. थोड्या वेळाने तिचा जबडा हलायला लागला, डावीकडून उजवीकडं, सावकाश. रवंथ. आत्या तिथंच भिंतीला टेकली आणि तिने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कोयता घेऊन गेली, लिंबाच्या सरळ काठ्या तोडून आणल्या आणि गोठ्याचा एक कोपरा बंद केला. दोन काठ्यांतली फट अशी, की कोंबडी वाकून आत जाईल पण शेळीचं डोकं शिरणार नाही. काठ्या पुरल्यावर तिने चांदीला आणून उभं केलं. चांदीने नाक घातलं, कपाळ अडलं, ती फुरफुरली आणि माघारी फिरली. आबा लांबून बघत होते. कोंबड्या जातील असं ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

काळ्या शेळीला काही झालं नाही. संध्याकाळी ती रवंथ करत बसली तेव्हा मीही तिच्याशेजारी बसले. बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर गाणं लागलं होतं. पूर्वी या वेळेला घरी येणाऱ्या गाईंच्या गळ्यातल्या लोखंडी घंटांचा आवाज येई, पुढं पुढं सरकत, एकेका गोठ्यात थांबत. आता गावात गाई मोजक्याच. उन्हाळ्यात अंगणात फुटक्या माठांचे तळ ठेवलेले असत, कोंबड्यांच्या पाण्यासाठी, त्यांना ओल्या मातीचा वास असे. थंडीत कोंबडा गायीच्या पाठीवर बसून ऊन खाई आणि गाय हलत नसे. कोंबड्या तिच्या मांडीचे गोचीड टिपायच्या तेव्हा ती पाय जरासा बाजूला करून द्यायची. आबा हे बघत तासन् तास बसायचे. एकदा घार खाली आली तर पिल्लांच्या आधी आबा ओरडले आणि काठी उगारून अंगणात धावले, अनवाणी. मग आम्हाला बघून काठीने जमीन टोकरत परत ओसरीवर गेले.

मर आली ती एका वैशाखात. आधी गल्लीच्या टोकाला, मग आमच्याकडं. सकाळी एका कोंबडीने मान वाकडी केली, गोल फिरायला लागली, तिची घाण हिरवी पडत होती. गावात तिला मानमोडी म्हणायचे. आत्याने तिला वेगळी ठेवली, पण उशीर झाला होता. आठवडा सरायच्या आत बाभळीचा दांडा रिकामा झाला. आत्याने उभ्या केलेल्या पंचवीस-तीस जिवांपैकी एकही राहिला नाही.

शेवटच्या दिवशी ती गोठ्याच्या दारात बसून होती. मला वाटलं, आता आबा म्हणतील, मी सांगत होतो. आबा ओसरीवरून उतरले. त्यांनी कुदळ घेतली, धोतर खोचलं आणि शेताच्या बांधाकडं निघाले. जाताना तिच्यापाशी थांबून म्हणाले, "खोल खांदतो. न्हाई तर कुत्रे उकरतील."

गळ्यात माळ घातलेल्या त्या माणसाने त्या दिवशी कोंबड्यांसाठी खड्डा खणला. आत्या टोपलं डोक्यावर घेऊन मागून गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. तिने दांडा उपसून जाळला, काठ्या जाळल्या, कोपऱ्यातली माती वीतभर खरवडून टाकली. मग लुगडं बदललं आणि भोकरदनला जनावरांच्या दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, की काही महिने जागा तशीच मोकळी ठेव, आणि नवीन पिल्लं आणशील तेव्हा त्यांच्या डोळ्यात लसीचा थेंब टाकायचा. लस थंड राहिली पाहिजे. आत्याने दोनदा जाऊन ते हाताने करून बघितलं. दिवाळीनंतर ती पिल्लांचं डालगं घेऊन आली, आणि दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात लस. पिल्लाची मान दोन बोटांत धरायची, डोळ्यात एक थेंब, त्याने पापणी मिटेपर्यंत थांबायचं, मग सोडायचं. आमची झाली तेव्हा थर्मासमध्ये लस उरली होती. ती तशीच उठून शेजारी गेली.

माय म्हणाली, कशाला, ज्याचं त्यानं बघावं. आत्या म्हणाली, "आपल्याच कोंबड्यांना देऊन काय उपयोग. रोग काय कुंपण बघून येतो का?"

त्या दिवशी ती बौद्धवाड्यापासून पाटलांच्या गल्लीपर्यंत दारोदार फिरली. मी थर्मास धरून मागं. बाया कोंबड्या पकडून उभ्या होत्या, पदर खोचून, हसत. जी बाई पूर्वी कुत्र्यावरून बोलली होती, तिच्याही सात कोंबड्या होत्या. आत्याने सातींच्याही डोळ्यांत थेंब टाकले आणि पुढच्या वेळी कधी येणार ते सांगितलं. तोपर्यंत गावात आत्याचं नाव 'परत आलेली' होतं. मला ते माहीत होतं, कारण शाळेत मुली मला तसं विचारायच्या. त्या हिवाळ्यानंतर तिला थेंबवाली म्हणायला लागले. पुढच्या कित्येक वर्षांत गावात ती मर तशी कधी आली नाही.

आबा गेले, माय-बाप गेले, आम्ही भावंडं शिकून बाहेर पडलो. आत्या गोठ्याला लागून एक खोली बांधून राहिली, स्वतःच्या दाराची. जालन्याला ये म्हटलं की ती हसायची.

आठव्या दिवशी दुपारी भाऊ तिला घेऊन आला. काळा चष्मा, कपाळावर पदर. गाडीतून उतरली ती घरात न जाता थेट गोठ्यात गेली. मी मागं मागं, सगळं नीट आहे ना, या धास्तीत. तिने चष्मा जरासा वर केला. गाईवरून, शेळ्यांवरून, पाइपावरून तिची नजर फिरत वर गेली, पत्र्याला लागून असलेल्या कोपऱ्यांत.

मग म्हणाली, "एवढी जळमटं?"

भाऊ म्हणाला, ती नेहमीचीच आहेत.

"नेहमीची कशी? मला वाटायचं, सगळं लख्ख हाये. किती वर्षं मी ह्याच घाणीत लेकरावानी जनावरं ठेवली, आन् तुम्ही कुणी बोलला न्हाई मला." आवाजात राग नव्हता. लाज होती, आणि तिने लगेच हात पुढं करून कोपऱ्यातली केरसुणी उचलली.

डॉक्टरांनी वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं बजावलं होतं. मी केरसुणी तिच्या हातातून काढून घेतली. ती सोडेना. आम्ही दोघी तिचं एकेक टोक धरून उभ्या होतो. शेवटी मी म्हटलं, तू बाहेर लिंबाखाली खुर्चीवर बस, तिथून सांग, मी करते. तिने माझ्याकडं नीट बघितलं, बहुतेक बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा. "समदं करशील?" तिने विचारलं. मी म्हटलं, समदं.

कोंबड्या आम्ही बाहेर काढल्या, शेळ्या लिंबाला बांधल्या. लांब काठीला केरसुणी बांधून मी जळमटं ओढायला सुरुवात केली. केसांत, डोळ्यांत धूळ. दिवस कलेपर्यंत अर्धाच गोठा झाला. मी बाहेर येऊन ऑफिसला फोन लावला आणि आणखी चार दिवसांची रजा मागितली. साहेबांनी कारण विचारलं. घरी काम निघालंय, म्हटलं, अर्धवट सोडून येता येत नाही.

मागून आत्याचा आवाज आला. "तिकडचा वरचा कोपरा राह्यला."

मी फोन ठेवला आणि शिडी ओढत आत नेली.